शैलजा आणि बेचाळीस कालवडी

शैलजाला कुणी विचारलं, "तू काय काम करतेस?" की ती सरळ सांगायची, "गायींचं कुटुंबनियोजन." मी हे पहिल्यांदा ऐकलं ते आमच्याकडच्या गणपतीच्या जेवणात. बायका फिसकन हसल्या. ही मात्र भात कालवत म्हणाली, "हसा. त्या कालवडींना विचारा एकदा."

ती नागपूरकडची, जनावरांची डॉक्टर. इथे नेब्रास्कात संशोधन करायची. आमचं घर गावाच्या टोकाला. मागच्या कुंपणापलीकडे डेल नावाच्या पशुपालकाचं कुरण, आणि तिथेच हिच्या प्रयोगातल्या बेचाळीस कालवडी. मांसासाठी वाढवलेल्या. मला ते जडच गेलं, खोटं कशाला बोलू?

"काकू, या मोकळ्या चरतात," तिनं समजावलं. "शेजारचा वळू कुंपण मोडून येतो. वर्षाच्या पोरी गाभण राहिल्या की विताना अडतात, काही मरतात. म्हणून खुराकातून रोज थोडं हॉर्मोन द्यायचं. मग त्या माजावरच येत नाहीत."

"आपल्या गोळ्यांसारखं?"

"अगदी. आणि चुकलं की घोटाळाही तसाच."

रोज सकाळी सातला ती पिकअपमधून खुराक आणून लांबलचक गव्हाणीत ओतायची आणि स्टुलावर बसून कोण खातंय ते वहीत टिपायची. "ही पंगत आहे, काकू. दांडगी तीनदा वाढून घेते, लाजरी उपाशी उठते. वाढणाऱ्यानं पानाकडे नाही, तोंडाकडे बघायचं."

जुलैत तिचे बाबा आजारी पडले म्हणून ती तीन आठवडे नागपूरला गेली. खुराक डेल टाकायचा आणि निघून जायचा. आता माझं सांगते. पहिली चपाती गाईला, ही माझ्या आईची सवय माझ्या हातातून काही जात नाही. कुंपणाशी एक लाजरी कालवड यायची, कानाला सतरा नंबरचा बिल्ला. ते तीन आठवडे मी सकाळी सातलाच तिला चपात्या द्यायची. तीही गव्हाणीकडे पाठ करून माझ्या वाटेकडे डोळे लावून उभी. मला किती बरं वाटायचं!

डिसेंबरात तपासणी झाली. एकेचाळीस ठीक, सतरा नंबर पाच महिन्यांची गाभण.

"शैला, तुझं औषध फेल आहे," डेल म्हणाला. "नेक्स्ट सीझनला माझं कुरण नाही मिळणार."

शैलजा वहीची पानं उलटत होती, तिला कारण सापडेना. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? पण तिचं दोन वर्षांचं काम जात होतं. मी सगळं सांगून टाकलं.

डेलनं टोपी मागे सरकवली. "ब्रेड?"

"चपाती," शैलजा म्हणाली. मग माझ्यादेखत तिनं वहीत लिहिलं: सतरा नंबर, शेजारीण खायला देत होती, औषध पोटात गेलं नाही. मी माफी मागायला लागले, तर म्हणाली, "काकू, औषध पास झालं. वाढपी नापास. त्यात मीही आले. मी डेलला गव्हाण दाखवली, तोंडं मोजायला सांगितलंच नाही."

डेलनं आणखी एक सीझन दिला. बाकीच्या कालवडी विकल्या गेल्या, सतरा नंबर मागे राहिली. आता गर्भ पाडणं तिच्या जिवावर बेतलं असतं.

एप्रिलात ती अडली. शैलजानं तिला उभीच ठेवून कुशीत भूल दिली, मला डोकं धरायला लावलं आणि पोट उघडलं. तासाभरानं वासरू निघालं. मेलेलं. टाके घालून झाले तेव्हा कालवड थरथरत होती, पण पायांवर उभी होती. मी हुंदके देत होते.

शैलजानं कोपरापर्यंतचे हात पुसले. "काकू, रडून झालं की कोमट पाणी आणा. तिला तहान लागली असेल."

मी रडणं तसंच ठेवून पाणी आणायला गेले.