शंभर टक्के दोषयुक्त

बॉबिनताई दिवसभर लोकांचे कपडे उसवते आणि शिवते. जिन्याखालची खोली, एक मशीन, एक इस्त्री आणि चिंध्यांच्या ढिगाखाली जुना लॅपटॉप. वेबसाइट करायला ती वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर, चुकत-माकत शिकली. मीही असाच, रस्त्यावर शिकलोय. तिला कुणी अडाणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तेच वाचनालय बंद करायचा घाट घातला गेला, तेव्हा आम्ही बचाव समिती काढली. साइट बॉबिनताईने केली. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं, 'शिवलं: बॉबिनने'. त्या दोन शब्दांवर तिचा जीव.

आमची सभा शनिवारवरून रविवारवर ढकलली. ताईने पानावर लगेच बदल केला. तरी शनिवारी हेडमास्तर, म्हणजे आमचे अध्यक्ष, कुलूप लावलेल्या दारासमोर तासभर उभे. सर्च केल्यावर त्यांना 'शनिवार' दिसला होता.

मग समितीच्या ग्रुपवर आमच्या गल्लीतला वेब डिझायनर उगवला. त्याला सगळे 'तज्ज्ञ' म्हणतात. त्याने स्वतःच सुरू केलं. "बाईंना साइट जमत नाही. समितीने ती माझ्याकडे द्यावी."

"हा सगळा कॅशचा घोळ आहे," ताईने लिहिलं.

"कॅश?" हेडमास्तर हादरले. "आपल्याकडे कॅश आहेच कुठे?"

"ती नव्हे हो, सर! सर्च इंजिन आपल्या पानाची प्रत काढून ठेवतं आणि पुन्हा फिरकेपर्यंत तीच दाखवतं. गिऱ्हाइकाने जुनं माप आणलं आणि शर्ट पोटावर बसला नाही, तर दोष माझ्या कात्रीचा का?"

तज्ज्ञ म्हणाला, "बहाणे! सर्चमध्ये दिसतं तेच साइटवर असतं. अठरा वर्षं या धंद्यात आहे मी."

हेडमास्तरांनी निकाल लावला: साइट कुणाकडे ठेवायची, ते रविवारी मतदानाने ठरेल.

मी तावातावाने जिन्याखाली गेलो. "ताई, चल, त्याच्या दारात जाऊन विचारू!"

"बस खाली. इस्त्री गरम आहे, त्यात तू." ती लॅपटॉपवर काहीतरी शोधत होती. अचानक तिने तोंडावर हात दाबला. खांदे गदगदायला लागले. मला वाटलं, रडतेय. कसली रडतेय! हसून-हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिने ग्रुपवर विचारलं, "दादा, सर्चमध्ये दिसतं तेच साइटवर असतं ना? नक्की?"

"एकदा सांगितलं ना! मी शब्द फिरवत नाही."

ताईने फोटो टाकला. सर्चमध्ये त्याच्याच कंपनीच्या नावाखाली ठळक ओळ: 'आमची प्रत्येक वेबसाइट शंभर टक्के दोषयुक्त!'

'दोषमुक्त' लिहायचं होतं बिचाऱ्याला. एका अक्षराने घात केला.

"ते मी कधीच दुरुस्त केलंय!" तज्ज्ञ किंचाळला, लिहून किंचाळता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "साइट उघडून बघा! ती जुनी प्रत आहे!"

"म्हणजे कॅश," ताईने लिहिलं.

ग्रुपवर हशा पिकला. गल्लीत एका खिडकीतून हसू उठलं, समोरच्या खिडकीने झेललं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीने ग्रुपवर "दोषयुक्त दादा, मतदानाला याल ना?" असं विचारलं. मी जिन्याखाली अक्षरशः नाचलो आणि डोकं पायरीला आपटून घेतलं.

रविवारी हेडमास्तरांनी मत मागितलं. सगळे हात ताईच्या बाजूने वर, हेडमास्तरांचे तर दोन्ही. मग ताई उभी राहिली. "माझंही एक चुकलं. पान बदललं की सर्च इंजिनला 'पुन्हा बघून जा' असं कळवता येतं. मी विसरले. यापुढे तारीख बदलली की आधी ते, मग टाके."

टाळ्या चालू असतानाच तिचा फोन वाजला. तिने मेसेज वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला.

तज्ज्ञाचा होता. फक्त तिला.

"ताई, ते 'पुन्हा बघून जा' कुठून कळवायचं?"

तिने उत्तर दिलं, "दुकानात या. येताना नवं माप आणा."