सात नंबरचा आड

दाऊद मास्तर गेल्याची बातमी आली तेव्हा मी कर्ण्यावरून पुणतांब्याची गाडी पुकारत होतो. नगरच्या माळीवाडा स्टँडवर कंट्रोलर म्हणून माझी हयात गेली, आणि माझा आवाज असा की मी इथे गाडी पुकारली की भिंगारच्या म्हशी उठून रांगेत उभ्या राहतात. मास्तरांचे धाकटे भाऊ खिडकीशी आले, सायकल हातातच, आणि एवढंच म्हणाले, "बापू, भाईजान गेले." मी कर्णा बंद करायचा विसरलो. त्यामुळे "कधी?" हा माझा प्रश्न अख्ख्या स्टँडने ऐकला आणि पलीकडून एक कंडक्टर ओरडला, "पुणतांब्याची ना? सुटतीय दहा मिनिटांत!" मास्तर असते तर ह्यावर आठवडाभर हसले असते... मी तिथेच खुर्चीत बसलो. पुणतांब्याची गाडी त्या दिवशी माझ्या पुकाऱ्याशिवायच गेली.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले आणि रोज संध्याकाळी माझ्या खोलीत चहाला येऊन बसायला लागले. खिडकीतून त्यांना एकच गोष्ट दिसायची, बसून राहिलेली माणसं. पाथर्डीची गाडी चुकली की पुढची तीन तासांनी. तोवर माणूस काय करणार? गाठोड्यावर डोकं ठेवून पडणार. मास्तरांना ते बघवायचं नाही. म्हणायचे, "अरे, दोन फर्लांगांवर साडेचारशे वर्षांचं गाव पडलंय आणि हे माशा मारतायत." मी म्हणालो, मी फिरवून आणतो की लोकांना! मला कथा कमी होत्या का? कापडबाजारामागच्या एका बोळात निजामशाहीचा हत्ती शिरला, वळायला जागा नाही, म्हणून तो उलट्या पावली किल्ल्यापर्यंत गेला आणि पुढे त्याला तशीच सवय लागली, ही कथा मी इतक्या वेळा सांगितली होती की त्या बोळातले लोक आता ती मलाच सांगायचे. मास्तर शांतपणे म्हणाले, "तू नको. वाटाड्या आला की माणूस भिंतीकडे बघत नाही, वाटाड्याच्या तोंडाकडे बघतो. आणि तुझ्या तोंडाकडे तर नकोच."

मग त्यांनी कागद केला. एकपानी. स्टँडपासून निघायचं, माळीवाडा वेशीतून आत शिरायचं आणि फिरून परत यायचं. एकूण बारा ठिकाणं. एकापासून दुसऱ्यापर्यंत किती पावलं तेही लिहिलेलं. मास्तर साडेचार फुटांचे, पावलं त्यांच्याच मापाची. पाथर्डीचा गडी त्या हिशोबाने चालला तर दिल्ली दरवाजाबाहेर निघेल असं मी म्हणायचो. प्रत्येक ठिकाणी भिंतीवर गेरूने नंबर. जुन्या डालड्याच्या डब्यात गेरू कालवून, ब्रश घेऊन ते स्वतः गेले.

पण नंबर कुणाच्या भिंतीवर पडायचा, ह्याचा त्यांचा कायदा होता. वास्तू कितीही जुनी असो, त्या घरात अनोळखी माणसाला पाणी मिळालं पाहिजे. तेही तांब्या हातात देऊन. वरून ओंजळीत ओतलेलं चालायचं नाही. मास्तरांना सगळं गाव ओळखायचं, म्हणून परीक्षेला ते स्टँडवरची माणसं पाठवायचे. पाथर्डीकडचं एक ऊसतोडीचं जोडपं त्यांनी असंच दिवसभर हिंडवलं आणि स्वतः समोरच्या पानाच्या ठेल्यावर बसून राहिले. लोखंडी सामानवाल्या बोहऱ्याने तांब्या दिला, नंबर दोन. मारवाड्याच्या पेढीवर दिला. मशिदीच्या हौदाशी मुजावराने दिला. मिशनच्या शाळेतल्या बाईंनी तर पाण्यासोबत गूळही दिला. पण एका वाड्याला नगरात नाही असा कोरीव दरवाजा होता, आणि तिथे विचारलं, "कोण तुम्ही? कुठले?" मग पाणी आलं ते वरून. मास्तरांनी तो वाडा कागदावर घेतलाच नाही. मी म्हणालो, "अहो, असा दरवाजा जिल्ह्यात नाही!" ते म्हणाले, "दरवाजा चांगलाय. उघडत नाही."

सातवा नंबर नरसक्काचा. पद्मशाली बाई, नवरा गेलेला, दोन माग चालवणारी, आवाज माझ्या तोडीचा. तिच्या अंगणात आड होता. शहराखालून जुन्या काळी पाणी खेळवणारे खापरी नळ गेलेत, त्यातला एक तिच्या आडाशेजारून जायचा आणि त्याचं झिरपणं आत यायचं. त्याच पाण्यात तिची सुताची खळ, त्याच पाण्यात घर. मास्तरांनी कागदावर लिहिलं होतं, "सात. नरसक्काचा आड. खापरी नळाचं झिरपणं. पाणी थोडं, मचूळ, पण गार. मागून प्यावं."

आता सांगा, हे काय वाचण्यासारखं आहे? कागद छापायचं काम माझ्याकडे होतं. ऑफिसातलं सायक्लोस्टाईलचं यंत्र साहेब जेवायला गेले की माझं असायचं. मास्तरांनी स्टेन्सिल लिहून दिली, आणि मी टोचणी घेऊन सातव्या नंबरखाली, अगदी त्यांच्याच वळणाच्या अक्षरात, एक ओळ घातली. "हा आड निजामशाहीपासून एकदाही आटलेला नाही, तळाशी किल्ल्यापर्यंत पाण्याचा तलाव आहे." हत्तीला घातली नाही ती झूल ह्या आडाला घातली. मास्तरांच्या ते दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "खोड." मी चार कागदांवर खोडून दाखवलं आणि म्हणालो, सगळ्यांवर खोडलं. बाकीचा गठ्ठा खणात होता... तो तसाच वाटला.

वर्ष-दीड वर्ष फार छान गेलं. पारनेरकडचे म्हातारे, कोर्टाच्या तारखेला आलेले, सोयरिकीला निघालेले, सगळे हातात कागद घेऊन पावलं मोजत हिंडायचे. नरसक्का मला म्हणायची, "बापू, तुमच्या मास्तरांनी मला पाणपोई केली की हो!" आणि तांब्या घासून ठेवायची.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. तो काय होता हे वाचकांना सांगायला नको, आणि मला तो वाढवूनही सांगता येत नाही. माझ्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट अशी झाली की जिच्यापुढे माझी थाप थिटी पडली. दुष्काळी कामांवर खडी फोडायला निघालेली माणसं स्टँडवर दाटली. एक दिवस एका घोळक्यातल्या शिकलेल्या गड्याने कागद मोठ्यानं वाचला. "एकदाबी आटला न्हाई? तळाला तळं हाय?" मी खिडकीत होतो. तेव्हाही बोलता आलं असतं. मला वाटलं, जातील, बघतील, हसतील. माझा जन्मच लोकांनी हसून सोडून देण्यावर गेलेला.

ते हसले नाहीत. नरसक्काने पहिल्या दिवशी सगळ्यांना तांब्या दिला. दुसऱ्या दिवशी शेजारची गल्ली घागरी घेऊन आली, तिसऱ्या दिवशी गाव. चौथ्या दिवशी चिखल लागला. कागदावर तर तळं होतं, मास्तरांच्या अक्षरात होतं, आणि मास्तरांनी कधी खोटं लिहिलेलं नव्हतं. दोघं जण कुदळ घेऊन आत उतरले. तळं शोधताना खापरी नळ फुटला. होतं ते झिरपणं कुठल्या कुठे गेलं, आणि तिथून गटाराचं पाणी आत यायला लागलं. वासाने अंगणात उभं राहवेना. माग बंद पडले.

मास्तर धावत आले. मी त्यांच्या मागे. नरसक्का आडाच्या काठावर उभी होती, कागद हातात. "मास्तर, हे तुमी लिवलं?" मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग वळून माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. म्हणाले, "हो."

पदर ओला करायलाही घरात पाणी नव्हतं. तिने थुंकी लावून भिंतीवरचा सात पुसला.

परतताना मी म्हणालो, "का सांगितलं नाही?" ते म्हणाले, "यंत्र ऑफिसचं. तुझी नोकरी गेली असती. आणि एक ओळ दुसऱ्याची म्हटलं, की लोक म्हणणार बाकीचे अकरा तरी खरे कशावरून?" बाकीचे अकराही महिन्याभरात पुसले गेले. कुणी रागाने, कुणी भीतीने, आपल्याही दारात घागरी येतील म्हणून. मास्तर तरी रोज त्या वाटेने चालायचे, पावलं मोजत. कुणी आत बोलवायचं नाही. चहाला यायचे, पण मी काही सांगायला लागलो की हात वर करायचे. मला त्यांनी एकदाही दोष दिला नाही, आणि हे मी त्यांना माफ करू शकलेलो नाही.

गेले तेव्हा खांदा द्यायला माणसं होती. त्या बारा घरांतलं कुणी नव्हतं.

पंधरा दिवसांनी मी नरसक्काकडे गेलो. अंगणात आडावर फळ्या टाकलेल्या, शेजारी टँकरच्या पाण्याचं पिंप. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "अक्का, ती ओळ माझी होती. मास्तरांची नव्हती."

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "गप बसा बापू. मेलेल्या दोस्ताचं पाप अंगावर घेताय. मास्तर सोता हो म्हणले, माझ्या तोंडावर. तुमी थापाडे हाय हे गावाला म्हाईत हाय... पण ही थाप लई मोठ्या मनाची मारली तुमी."

"अक्का, शपथ घेऊन सांगतो..."

"हत्तीची पन शपथ घेतलीवती." तिने डोळे पुसले, पिंपातून तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. वरून नाही, हातात. मी तो प्यालो. तेवढं निर्लज्जपण माझ्याकडे आहे.

मास्तरांचा गेरूचा डबा त्यांच्या भावाने मला आणून दिला. तो माझ्या खणात आहे, उरलेल्या कागदांवर वजन म्हणून. गाड्या कमी असल्या की एकेक कागद काढून मी ती ओळ खोडतो. दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं काम. परवा पाथर्डीची गाडी चुकलेला एक म्हातारा खिडकीशी आला. म्हणाला, "सायेब, तीन तास हायेत. हितं हिंडून बघण्यासारखं काय हाय का?" मी खण लावून घेतला आणि म्हणालो, "नाही. काही नाही." तो मान हलवून गाठोड्यावर जाऊन पडला. माझ्या सगळ्या थापांमधली ही सगळ्यात लहान, आणि हिच्यावर अजून एकानेही शंका घेतलेली नाही.