हातात घेतलेला चेंडू

कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांची फायनल होती आणि पाहुणे म्हणून देशाच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष आले होते. एकेकाळचे मोठे खेळाडू. त्यांनी गोल मारला की आमचे बाबा टीव्हीसमोर ताट वाजवायचे. ते अध्यक्ष झाले तेव्हा माझा धाकटा भाऊ म्हणाला होता, "आता आपला माणूस बसलाय, ताई. बघच तू." भाऊ पोटापाण्यासाठी खेळणारा गोलकीपर. यंदा संघटनेची देशपातळीवरची लीग सुरूच झाली नाही, म्हणून घरी आहे.

फेटा बांधून, हार घालून अध्यक्ष रेषेजवळ उभे होते. सरावातला एक चेंडू घरंगळत त्यांच्या बुटापाशी आला. गॅलरी उठून ओरडली, "मारा की साहेब!" त्यांचा उजवा पाय किंचित मागे गेलाही. मग त्यांनी शेजारच्या सचिवांकडे पाहिलं, वाकून चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांना देऊन टाकला.

लोक हसले. मला हसू येईना. आधी खुर्चीवर पुढारी होते, तेव्हा आम्ही खेळाडू हवा म्हणून घसा फोडला. आता खेळाडूच बसलाय. यापुढे कुणाच्या नावानं ओरडायचं? खुर्चीच माणसाचे पाय खाते की काय, कोण जाणे. आणि भावाचं खेळायचं वय काही कुणासाठी थांबत नाही.

खेळ चालू असताना चेंडूला हात लावायची मुभा एकट्या गोलकीपरला. आमचा गोलकीपर गॅलरीत माझ्या शेजारी बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून.