सातव्या प्रकरणातली आकृती

"मौसी, मम्मी नहीं रहीं," भाच्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत निघाले होते. लखनौच्या एका टोकाच्या वृंदावन योजनेतून ताईच्या महानगर वस्तीत पोचेपर्यंत डोक्यात फक्त कामांची यादी होती. मला रडू उशिरा येतं...

सुनंदाताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. निवृत्त झाल्यावर तिनं एका रचलेल्या भाषेवर संशोधन केलं. कोण्या शिक्षकानं घरी बसून व्याकरणासकट बनवलेली, कोणाचीच मातृभाषा नसलेली भाषा. "कोण बोलतं गं ही?" मी चिडवायची. "तू तरी माझ्याशी कुठं बोलतेस?" ती म्हणायची.

प्रबंध तिनं सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवला, पण पानांचे फोटो काढून. मग लखनौजवळच्या बाराबंकीहून शबानाचा तिला फोन आला. ती अंध, याच विषयावर संशोधन करणारी. तिचा कॉम्प्युटर मजकूर वाचून दाखवतो, फोटोतली अक्षरं त्याला दिसत नाहीत. ताईनं प्रकरण न् प्रकरण पुन्हा टाइप केलं, प्रत्येक आकृतीखाली तिचं वर्णन लिहिलं. तपासताना ती स्क्रीन बंद करून, डोळे मिटून ऐकत बसायची. मी पुरणपोळ्या घेऊन गेले तरी हात वर. "थांब, शबानासाठी ऐकतेय." मी थांबायची. पोळ्या गार व्हायच्या. माझ्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा तिनं कधी एवढं लक्ष घातलं नव्हतं.

ताई गेल्यावर तीन आठवड्यांनी शबानाचा मला फोन आला. सातवं प्रकरण राहिलं होतं आणि तिचा स्वतःचा प्रबंध त्यावरच अडला होता. बोलता बोलता ती म्हणाली, "ताई कहती थीं..." ताई! बाराबंकीची मुलगी, दीदी किंवा आपा म्हणायचं सोडून ताई. ते फक्त माझं होतं. "लॅपटॉप खुल नहीं रहा," मी सांगून टाकलं. भाच्यानं माझ्याकडे दिलेला ताईचा लॅपटॉप समोर उघडाच होता.

दोन दिवस मी तशीच राहिले. तिसऱ्या दिवशी प्रकरण उघडलं. मजकूर तयार होता, फक्त एका आकृतीखालची जागा रिकामी. मी लिहिलं: वर एक चौकोन, खाली तीन चौकोन, मधे बाण. पाठवून दिलं. सुटले.

तासाभरात तिचा फोन. "लॅपटॉप खुल गया?" आणि लगेच, "आपा, आपने बताया चित्र दिखता कैसा है. वो कहता क्या है? ताई ने मेरी दूसरी फ़ाइल में यही ग़लती की थी. मैंने लौटा दी थी."

म्हणजे ताईला हे शिकवलं होतं या मुलीनं. आणि ताई ऐकत होती! माझं तिनं कधी एक ऐकलं नव्हतं.

"लौटा दो," मी म्हटलं.

आकृती कळायला आधीची सहा प्रकरणं वाचावी लागली. ताईनं लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचत होते. काल नवं वर्णन लिहून, स्क्रीन बंद करून ऐकायला बसले, तेव्हा नवरा चहा घेऊन आला. मी हात वर केला.