शोकेसमधला मुतखडा

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा मुतखडा शोकेसमध्ये असायचा. औषधाच्या छोट्या बाटलीत, खाली कापूस घालून, कपबशांच्याही पुढे. आलेला माणूस टेकतो न टेकतो तोच सासूबाई बाटली त्याच्या हातात द्यायच्या. "केवढा आहे बघा. सोसलं हो पोरीने." थोरली मान खाली घालायची, पण तिला ते आवडलेलं मला बरोबर दिसायचं.

खडा निघाला तेव्हा महिनाभर तिला कोणी बादली उचलू दिली नव्हती. माझी लघवीची पिशवी लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ठणकते, आणि रिपोर्ट सगळे स्वच्छ. दरवेळी सासूबाई विचारणार, "काय निघालं?" काहीच निघत नसे. मग त्या म्हणणार, "मनाला लावून घेऊ नकोस," आणि बादली माझ्याकडे सरकवणार. बायका दुसरीच्या दागिन्यांवर जळतात, मी खड्यावर जळत होते.

शिवणाच्या कारखान्यात मी शर्टांना कॉलर लावते. मी लघवीला उठले की माझ्या मशीनशी ढीग साचतो आणि पुढची बाई हात बांधून बसते. "तुमच्या मशीनला चाकं लावून तिकडेच नेऊ का?" मुकादम विचारायचा आणि अख्खी रांग खिदळायची. म्हणून मी पाणी पिणंच तोडलं. उठणं कमी झालं नाहीच, आग मात्र दुप्पट झाली.

शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोबतीला नेमकी थोरलीच मोकळी होती. बाईंनी नळी घालून पिशवीत आधी साधं पाणी सोडलं. काही झालं नाही. म्हटलं, आता याही स्वच्छ म्हणणार. मग त्यांनी पोटॅशियमचं पाणी सोडलं आणि मी थोरलीच्या मनगटात नखं रुतवली.

"धड पिशवीला हे जाणवतही नाही," बाई म्हणाल्या. "लघवीत पोटॅशियम असतंच. पिशवीच्या अस्तरात त्याची ये-जा सांभाळणारी बारीक दारं असतात. ती बिघडली, अस्तर झिरपायला लागलं, की ते नसांपर्यंत पोचतं. पाणी तोडून तुम्ही ते आणखी दाट केलंत."

"बरी होईल ना ही?" थोरलीने विचारलं.

"त्रास कमी करता येईल. पण काढून टाकण्यासारखं आत काही नाही."

कळेने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण एकदाचं काहीतरी सापडलं म्हणून मला आनंद झाला होता. रडत होती ती थोरली.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय निघालं?" मी सांगायला लागले, अस्तर, दारं, पोटॅशियम. त्यांची नजर माझ्या रिकाम्या हातांवर. थोरली आत गेली, शोकेस उघडली आणि बाटली आणून त्यांच्या हातात ठेवली.

"आई, माझा हा निघाला म्हणून मी सुटले. हिचं काही निघणारच नाहीये. ही कशी सुटणार?"

सासूबाईंनी बाटली खाली ठेवून मोरीतली भरलेली बादली स्वतः उचलली.

त्या दिवसापासून बाटली शोकेसमध्ये दिसली नाही, आणि बादलीही माझ्या वाट्याला आली नाही. पण माझं मन काही निवलं नाही. इतकी वर्षं मी घसा कोरडा केला होता, आणि माझं दुखणंसुद्धा खरं ठरलं ते थोरलीच्या तोंडून.