दिवा विझवलेली गाडी

मी निवडुंगाच्या पानांचे काटे तासत बसले होते. निम्मी पानं झाली असतील, तेवढ्यात शेजारचे एर्लिंदो दारात उभे. डोक्यावर रविवारची टोपी, हातात गाडीची किल्ली.

"कोमाद्रे, येता का जरा? आज धुराची तपासणी आहे. तोमासाला घरी एकटं ठेवता येत नाही, आणि गाडीत तिला धरायला कोणीतरी हवं."

माझ्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिलेला माणूस, म्हणून मी त्यांची कोमाद्रे. त्याला नाही कसं म्हणणार? परातीवर फडकं टाकलं आणि निघाले.

एर्लिंदोंनी सगळा जन्म इथे शहराबाहेर एकातेपेकमध्ये पावाच्या भट्टीपुढे काढला. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत. आता त्यांना एकच काम उरलंय: दिवसाआड बायकोला, तोमासाला, शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला नेणं. तोमासाच्या पायांत बळ नाही. भाड्याच्या कॉम्बी व्हॅनची पायरी तिला चढवत नाही, म्हणून ही जुनी पांढरी गाडी. आणि काचेवर तपासणीचा नवा स्टिकर नसेल तर शहराच्या वेशीवरच पोलीस गाडी उचलून नेतात. त्यांच्या गाडीच्या नंबराला तपासणीची दिलेली मुदत त्याच दिवशी संपत होती.

गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांपासून पेटलेला. मेकॅनिक नाबोरने खाली वाकून पाहिलं होतं. म्हणाला, "धूर गाळणारा डबा मेलाय, काका. नवा इतका महाग, की टाकलात तर डब्यावर गाडी फुकट मिळाली असं समजा."

मग गल्लीतल्या सगळ्यांनी तोच सल्ला दिला जो इथे सगळे सगळ्यांना देतात: आदल्या संध्याकाळी बॅटरीची वायर काढून ठेवा, सकाळी लावा, दिवा जातो. नाबोर नको नको म्हणत होता. पण सकाळी दिवा खरंच गेला होता. एर्लिंदोंनी मला काचेतून दाखवलासुद्धा. "बघा, सांत खुदासने ऐकलं!"

मी छातीवर क्रूसाची खूण केली. आशा नसलेल्यांचा तो संत. त्याच्या नावाने मीही मेणबत्ती लावली होती.

रांगेत मी मागे तोमासाला खांद्याला धरून जपमाळ ओढत होते. आमची पाळी आली. तपासणीच्या पोरीने गाडीला वायर जोडली, पडद्याकडे पाहिलं आणि खिडकीशी आली.

"आजोबा, बॅटरी कधी काढली होती?"

"कोण म्हणतं काढली?"

"तुमची गाडीच म्हणते."

"काय गाडी आहे ही! तिला मी गप्प राहायला सांगितलं होतं."

पोरगी हसली नाही, पण रागावलीही नाही. "वायर काढली की गाडीची सगळी आठवण पुसली जाते. डबा चालतो की नाही हे तिला आता माहीतच नाही. असं कोरं डोकं मला पास करता येत नाही. पुष्कळ चालवा, तिला सगळं परत कळू द्या, मग या."

"सगळं कळलं की दिवा परत पेटेल ना?"

"डबा मेला असेल तर पेटेलच."

"म्हणजे तिला आठवलं तरी नापास, विसरली तरी नापास."

तिने कागदावर नापासाचा शिक्का मारला आणि मागच्या गाडीला हात केला.

फाटकाबाहेर एक दलाल नेहमी उभा असतो. एर्लिंदोंनी आयुष्यात कधी लाच दिली नाही, पण त्या दिवशी स्वतःहून काच खाली केली. दलालाने मान हलवली. "पूर्वी जमायचं, काका. आता आत कॅमेरे आहेत. मीच उपाशी मरतोय."

घरी परतताना तोमासा म्हणाली, "म्हाताऱ्या, गाडीची गाळणी गेली, माझीही गेली. दोघींना एकदमच विकून टाक."

"तुला कोण घेतं? तू तर ढकलूनही चालू होत नाहीस."

ती हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. मी पाठ चोळत राहिले. देवाच्या माउलीला काहीतरी मागावं असं मनात आलं, पण काय मागायचं तेच सुचेना.

एर्लिंदोंनी दारात गाडी लावली. पिवळा दिवा अजून पेटला नव्हता. मी विचारलं, "उद्याचं काय?"

"उद्या इस्पितळ आहेच," ते म्हणाले. गाडीवर ताडपत्री ओढली, चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या.

मग ते टोपी न काढताच कॉम्बीच्या अड्ड्याकडे निघाले. सकाळच्या पहिल्या फेरीला दोघांनी मिळून तोमासाला उचलून आत बसवलं तर चालेल का, ते ड्रायव्हरला विचारायचं होतं.