नेल्सनच्या गाडीतली डावी सीट

परवा शनिवारी सकाळी इथे यूएईत, मसाफी गावाच्या पुढच्या जुन्या घाटरस्त्यावर मी आणि माझी लेक रिया एका पाण्याच्या टँकरमागे अडकलो होतो. स्टिअरिंगवर पहिल्यांदाच मी... आणि गाडी नेल्सनची.

नेल्सन माझा नवरा. गेल्या रमजानमध्ये हार्ट अटॅकने गेला... सकाळी चहा पिऊन ऑफिसला गेला तो परत आलाच नाही. आता आम्ही दोघी कायमच्या वसईला चाललोय, आणि त्याची लाडकी गाडी त्याच दुपारी शारजाचे एक गृहस्थ घेऊन जाणार होते. म्हटलं, शेवटची एक चक्कर मारू.

गाडी म्हणजे जुनी ब्रिटिश टू-सीटर, माझ्यापेक्षा वयाने मोठी. दुबईत लोक ज्या गाड्या मिरवतात त्यांच्यापुढे हिची ताकद घरच्या मिक्सरएवढी. सुट्टीच्या दिवशी नेल्सन रबरी नळीचा तुकडा कानाला लावून तिच्या दोन्ही कार्ब्युरेटरचा आवाज ऐकायचा, आणि दोन्हींचा एकसारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचा. मी वैतागायचे... पण डोंगरात गेलं की मीच खूश! छत उघडं, स्पीड जेमतेम साठ, तरी उडतोय असं वाटायचं. वळणावर गाडी रस्ता सोडायची नाही आणि हा शाळेतल्या पोरासारखा हसायचा.

एकच पंचाईत होती. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि हिचं स्टिअरिंगही उजवीकडे. पुढे मोठी गाडी असली की समोरून काय येतंय ते ड्रायव्हरला दिसत नाही... दिसतं ते डाव्या सीटवाल्याला. म्हणून रस्ता मोकळा दिसला की मी "यल्ला", म्हणजे अरबीत 'चल', म्हणायचं आणि नेल्सनने ओव्हरटेक करायचं. इतक्या वर्षांत त्याने एकदाही स्वतः वाकून खात्री केली नाही.

परवा त्या सीटवर रिया होती. डॅडी गेल्यापासून ती फारशी बोलत नाही... रडलीसुद्धा नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची. निघतानाच तिला सांगितलं होतं की आज यल्ला म्हणायचं काम तुझं.

टँकर रखडत चाललेला. समोरून क्वचितच एखादी गाडी येत होती, तरी रिया गप्प. मी धूर खात त्याच्या मागे मागे... हिचं लक्ष तरी आहे का, म्हणून मनातल्या मनात चिडत होते.

शेवटी टँकर एका खजुराच्या बागेकडे वळला. समोर हायवे दिसला, घाट संपला होता.

"रिया, एकदाही रस्ता मोकळा नव्हता?"

ती समोर बघत म्हणाली, "इट वॉज क्लिअर, मम्मा. मेनी टाइम्स. आय जस्ट डिडन्ट वॉन्ट इट टू फिनिश."

आणि मग ती रडायला लागली. मी गाडी बाजूला घेतली. मध्ये गिअर, हँडब्रेक, धड मिठीही मारता येईना... तशाच दोघी कितीतरी वेळ रडलो.

दुपारी ते गृहस्थ आले. किल्ली दिली, नळीचा तुकडा दिला, तो कसा वापरायचा ते दाखवलं... आणि सांगितलं, डावीकडे आपलं माणूस बसवा.

तो टँकरवाला कोण, कुठला, माहीत नाही. पण तो इतका हळू चालला म्हणून आम्हाला नेल्सनच्या गाडीत अजून थोडा वेळ मिळाला... त्याचे मनापासून आभार.